‘तुम्हाला ती कादंबरी कळलीच नाही’ असं कुणी म्हणालं तर

*आलेलं पत्र (थोडं आवरून):*

ताई, नमस्कार. मी जिंतूर तालुक्यातला, वय ३८. गावात माझं कृषी सेवा केंद्र आहे. पेरणीच्या दिवसांत जेवायला फुरसत नसते, पण नंतर दुकानात बसून मी वाचत असतो, जास्त करून कादंबऱ्याच. आमच्या इथं महिन्याच्या शेवटच्या रविवारी दहा-बारा जण वाचनालयात जमतात आणि सध्या काय वाचलं ते एकमेकांना सांगतात. निवृत्त मुख्याध्यापक आहेत, दोघं प्राध्यापक, एक डॉक्टरीणबाई, एक बँकेतले. मागच्या खेपेला मी ‘कोसला’बद्दल बोललो. म्हणलं, मनूचं मरण वाचलं आणि मी शटर अर्धं ओढून घेतलं, गिऱ्हाईक हाका मारून गेलं तरी उठलो नाही. पण होस्टेल, मेस, गॅदरिंग हे जे लांबलचक आहे तिथं कंटाळा आला, बरीच पानं नुसती उलटली. त्यावर एक प्राध्यापक हसून म्हणाले, “तुम्हाला कोसला कळलीच नाही.” मग सगळेच हसले. तेव्हापासून मी गेलो नाही.

दुसरी अडचण. आमच्याच भागातल्या एका शिक्षकांनी ऊसतोडीवर कादंबरी लिहिलीय. ‘सप्रेम भेट’ लिहून, सही करून मला दिली. दुकानावरून जाताना-येताना विचारतात, “वाचली का? कशी वाटली?” मी “चालू आहे” म्हणून वेळ मारून नेतो. खरं म्हणजे वाचून झालीय. काही पानं फार चांगली आहेत, पुष्कळशी नाहीत. शिवाय त्यात बाईला तोडणीची मजुरी वेगळी मिळते असं दाखवलंय, तसं नसतं. मला साहित्यातलं काही कळत नाही. मी मत सांगावं का? सांगायचं तर कसं?

*उत्तर:*

भाऊ, नमस्कार.

आधी त्या हसण्याचं बघू. पत्रात तुम्ही ते दोन ओळींत उरकलंय, पण रविवारी जाणं थांबलं ते त्याच्यामुळंच.

‘कोसला’ १९६३ साली आली. तेव्हापासून तिच्यावर लेख, प्रबंध आणि चर्चासत्रं यांचा डोंगर झालाय. तुमच्या प्राध्यापकांनी त्यातला बराचसा वाचलेला असणार, शिकवायला लागतो. पण धाकटी बहीण देवीनं जाते ती पानं वाचून चालत्या दुकानाचं शटर ओढणारा वाचक त्या डोंगरात सापडणं अवघड आहे. तुम्ही त्या दिवशी पुस्तकाबद्दलची एक अशी गोष्ट सांगितलीत जी दुसऱ्या कुणाला माहीत असणं शक्यच नव्हतं. आणि लगेच, कुठं कंटाळा आला तेही सांगितलंत. दहा-बारा माणसांत उठून एका थोर मानल्या गेलेल्या कादंबरीची पानं मी उलटली असं बोलायला काळीज लागतं. बाकीच्यांतल्या निम्म्यांनी तरी ती पानं उलटलेलीच असतील, माझी पैज.

‘कळली नाही’ या शेऱ्याचा घोटाळा असा की त्यावर पुढं बोलता येत नाही. “कुठं कंटाळा आला?” असं त्यांनी विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं. मग कदाचित ते म्हणाले असते की तो कंटाळा कादंबरीच्या नायकाचा, पांडुरंगाचाच आहे, पोराचं पुण्यातलं जिणंच तसं रटाळ चाललंय, म्हणून लिहिणाऱ्यानं तुम्हालाही त्यात बसवून ठेवलंय. तुम्हाला ते पटलं असतं किंवा नसतं. पण चहा गार होईस्तोवर गप्पा झाल्या असत्या. त्यांनी ती संधी घालवली.

गंमत बघा, ज्या पुस्तकावरून तुम्हाला गप्प केलं त्याचा नायक अशा बैठकीत एक मिनिट टिकला नसता. मोठ्या माणसांच्या गंभीर बोलण्याची टर उडवण्यात पांडुरंग सांगवीकराचा हात धरणारा मराठीत कोण आहे? आणि लेखक? नेमाड्यांनी पंचविशीत ही कादंबरी लिहिली, पुढं काही वर्षं आपल्या औरंगाबादला विद्यापीठात शिकवलं, आणि मतं देताना कधी कुणाची भीड ठेवली नाही. लघुकथा हा अख्खा साहित्यप्रकारच त्यांनी कमअस्सल ठरवून टाकला. त्यांच्या कादंबरीवर कुणी बिनधास्त बोललं म्हणून हसायचं, हे काही जमत नाही बुवा.

आता तुमचं ते वाक्य, ‘मला साहित्यातलं काही कळत नाही.’ हे आपल्या डोक्यात शाळेनं भरवलंय. दहावीपर्यंत आपल्याला काय विचारलं? संदर्भासहित स्पष्टीकरण द्या. कवितेचं रसग्रहण करा. अमक्याचं स्वभावचित्र तुमच्या शब्दांत रेखाटा, आणि ‘तुमच्या शब्दांत’ म्हणजे गाईडातल्या शब्दांत. धडा आवडला का, कुठं आवडला नाही, हे कुणी विचारलंच नाही; त्याला मार्क नव्हते. म्हणून चाळिशीला आलेला माणूससुद्धा पुस्तकाबद्दल बोलायला उभा राहिला की त्याला पेपर आठवतो आणि तो म्हणतो, “लेखकाने ग्रामीण जीवनाचे दाहक वास्तव समर्थपणे चितारले आहे.” हे वाक्य मलपृष्ठ वाचूनही बोलता येतं. शंभर कादंबऱ्यांना लावता येतं, आणि लावलंही जातं.

तुमच्या काउंटरवर कुणी येऊन विचारतं, तुरीची बीडीएन ७११ कशी आहे? तेव्हा तुम्ही “वाण उत्कृष्ट आहे” म्हणून गप्प बसता का? आधी विचारता, रान कसंय, हलकं का भारी, पाण्याची सोय काय. मग सांगता, दाणा पांढरा, लवकर निघते, पण अमक्यानं दाट पेरली आणि पस्तावला, तमक्याच्या माळावर बघा कशी उभी आहे. पुडक्यावर छापलेलं थोडं आणि डोळ्यांनी पाहिलेलं जास्त. कादंबरीबद्दलही एवढंच सांगायचं असतं. ऐकणाऱ्याला तुमच्याकडून निकाल नको असतो. हे पुस्तक आपल्याला मानवेल का, याचा त्याला अंदाज हवा असतो.

एक नमुना देते. ‘बनगरवाडी’ तुम्ही वाचलीच असेल, १९५५ची, व्यंकटेश माडगूळकरांची. तिच्यावर कुणी असं बोललं तर:

“पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो. शाळा असून नसल्यासारखी. हळूहळू वाडीच्या सगळ्या भानगडी त्याच्या गळ्यात पडतात. मला वाटलं, आता माणसं जोडली गेली, तालीम बांधून झाली, गडी मार्गी लागला. आणि मग पाऊसच जातो. माझ्या आजीकडून बहात्तरचा दुष्काळ ऐकलेला, खडी फोडायची कामं आणि सुकडी. ते वाईटच होतं, पण काम तरी निघालं होतं. इथं माणसं मेंढरं घेऊन वाट फुटेल तिकडं निघून जातात, वाडी ओस पडते आणि मास्तर बघत राहतो. शेवट मी भराभर वाचला, हळू वाचवेना.”

यात एकही जड शब्द नाही. पण हे ऐकून मी तरी पुस्तक मागून घेईन. शिवाय बोलणारा कोण, कुठला, त्यानं पुस्तक कशाच्या शेजारी ठेवून वाचलं, हेही कळतं. माणदेशातली वाडी जिंतूरच्या माणसानं वाचली की तिच्यात परभणीचा दुष्काळ मिसळणारच. ती भेसळ समजून लपवू नका. ऐकणाऱ्याला नवं असतं ते तेवढंच.

वरच्या नमुन्यात शेवट सांगून टाकलाय म्हणून कुणी रागवेल. त्याचं फार अवघड नाही. अर्नाळकरांची रहस्यकथा असेल तर खुनी कोण ते पोटात ठेवा. बाकी, कर्ण मरतो हे माहीत असूनच लोकांनी १९६७पासून ‘मृत्युंजय’ डोक्यावर घेतलीय. समोरच्यानं वाचली नसेल तर एकदा विचारा, “शेवट सांगू का?” झालं.

भाषेचं मात्र थोडं सविस्तर बोलायचंय. तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला पत्रात दिसलं. तुम्ही “म्हणलं” लिहिता, मग पुढच्याच पानावर “प्रस्तुत कादंबरीविषयी माझे मत असे की” असं काहीतरी सुरू होतं आणि दोन ओळींत दम लागतो. (तो भाग मी छापला नाही, रागावू नका.) रविवारी बोलताना बहुतेक हेच होत असणार. घरी कुणी “काय वाचायलास?” विचारलं तर तुम्ही छान सांगाल, वाचनालयात पाऊल टाकलं की पायातल्या चपलेबरोबर आपली बोलीही बाहेर काढून ठेवता.

रा. रं. बोराड्यांची ‘पाचोळा’ घ्या. १९७१ची कादंबरी, लिहिणारा लातूरकडचा. गंगाराम शिंप्याच्या घराची दैना त्याची बायको पारबती सांगते, आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तिच्याच बोलीत सांगते. मध्ये कुणी शहाणा येऊन तिचं बोलणं शुद्ध करून देत नाही. आपल्या मराठवाड्याच्या बाईच्या तोंडच्या भाषेला अख्खी कादंबरी पेलते, आणि त्याच कादंबरीवर मत सांगायला मात्र आपल्याला प्रमाण मराठीची इस्त्री लागते. हे कसं?

जाता जाता, ‘पाचोळा’ वाचून झाली असेल तर उद्धव शेळक्यांची ‘धग’ घ्या. १९६० सालची, वऱ्हाडातली. तिथंही घर शिंप्याचंच, आणि तिथंही सगळं ओढून नेते ती बाई, कौतिक. दोन्ही लागोपाठ वाचल्या की डोक्यात आपोआप तुलना सुरू होते. ‘धग’ बाहेरून कुणीतरी सांगतंय, ‘पाचोळा’ ती स्वतः सांगतेय. मला विचाराल तर कौतिक जास्त लक्षात राहते आणि पारबती जास्त ऐकू येते. तुमचं उलट होऊ शकतं. असं काही बोलायला पदवी लागत नाही. दोन पुस्तकं जवळजवळ वाचलेली असावी लागतात.

मी बरीच वर्षं ग्रंथालयात देवघेवीच्या काउंटरवर काढली. लोकांची खरी मतं कुठं ऐकायला मिळतात म्हणाल तर दोन ठिकाणी. एक, पुस्तक परत देताना, पावती फाडेपर्यंतच्या अर्ध्या मिनिटात. “हे असलं देऊ नका परत.” “याचा दुसरा भाग आहे का?” “सासूला दिलं होतं, तिनं ठेवूनच घेतलं चार दिवस.” आणि दुसरी जागा म्हणजे पानाचा समास. ग्रंथालयाच्या प्रतीवर लिहिणं गैरच, मी स्वतः त्याचा दंड घेत असे. पण एका जुन्या कौटुंबिक कादंबरीची प्रत मला अजून आठवते. नायक बायकोला सोडून जातो त्या पानावर निळ्या शाईनं कुणी लिहिलं होतं, ‘हा माणूस नालायक आहे.’ त्याच्या खाली पेन्सिलीनं, ‘बायको कमी आहे का?’ आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात तिसऱ्यानं, ‘भांडू नका. पुढे वाचा.’ तिघं एकमेकांना कधी भेटले नसतील. पण मोकळेपणानं बोलत होते, कारण तिथं हसायला कुणी नव्हतं.

त्या काउंटरवर आणखी एक पाहिलं. खांडेकरांची ‘ययाति’ नेणाऱ्या कॉलेजच्या मुली परत देताना देवयानीवर चिडलेल्या असायच्या. त्यांतल्याच काही जणींनी लग्नानंतर, पोरं शाळेत जायला लागल्यावर पुन्हा नेली. आता देवयानीचं म्हणणं त्यांना ऐकू यायला लागलेलं. पुस्तकात देवयानी, शर्मिष्ठा आणि ययाति आपापली बाजू आपणच सांगतात, त्यामुळं तुम्ही कुणाच्या शेजारी बसून वाचता यावर बरंच ठरतं. म्हणून सांगते, रविवारी बोललेलं मत काही स्टॅम्पपेपरवर लिहून दिलेलं नसतं. पुढच्या वर्षी बदललं तर बदललं. “तेव्हा मला असं वाटलं” एवढंच त्याचं वजन ठेवा, म्हणजे बोलताना जिभेवर दडपण येत नाही.

आणि एक लक्षात घ्या, तुम्ही ज्या जागी गप्प बसलात तिचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. निजामाच्या राज्यात गश्ती निशाण ५३ नावाचा हुकूम होता. परवानगीशिवाय सभा घ्यायची सोय नव्हती. त्या काळात मराठवाड्यात माणसं एकत्र बसून बोलू शकत ती वाचनालयासारख्या जागांमधून. वर्तमानपत्र वाचायचं निमित्त आणि बोलायचं भलतंच. म्हणजे पोलिसाच्या भीतीनं जिथं लोक गप्प बसले नाहीत, तिथं आज एका हसण्यानं तुम्ही बसताय.

आता तुमची दुसरी अडचण. ती मला पहिलीपेक्षा जास्त अवघड वाटते, कारण ‘कोसला’वर काहीही बोललात तरी नेमाडे काही तुमच्या दुकानासमोरून जात नाहीत.

‘सप्रेम भेट’ हा प्रकार आपल्याकडं फार आहे. लेखक बहुधा स्वतःच्या खिशातून छापतो, गठ्ठे घरी येतात आणि मग ओळखीच्यांत वाटप होतं. ज्याला मिळालं त्याच्यावर एक न बोललेलं ओझं येतं. बहुतेक लोक काय करतात? प्रस्तावना वाचतात, मधलं एखादं पान वाचतात आणि भेटल्यावर “अप्रतिम सर!” म्हणून मोकळे होतात. सरांनाही ते कळतं बरं का. शंभर ‘अप्रतिम’ ऐकूनही ते तुम्हाला परत परत विचारतात, याचं कारण काय असेल? तुम्ही पुस्तक खरंच वाचणारे आहात हे त्यांनी ओळखलंय. “चालू आहे” हे उत्तर त्यांना “आवडली नाही” यापेक्षा जास्त लागत असणार. आपलं पुस्तक कृषी केंद्रवाल्यालाही पूर्ण वाचवत नाही, असाच त्याचा अर्थ ते घेत असतील.

तेव्हा आधी “वाचून झाली” हे सांगून टाका. पण रस्त्यात, गाडीवर बसल्या बसल्या नको. आणि रविवारी चारचौघांत तर पहिल्यांदा नकोच. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा बोलवा, चहा सांगा. पुस्तक समोर असू द्या. चांगल्या पानांत चिठ्ठ्या घालून ठेवा (पुस्तक तुमचं आहे, तरी चिठ्ठ्याच). आणि तिथून सुरुवात करा. काही पानं फार चांगली आहेत असं तुम्ही लिहिलंय. कोणती, ते मला सांगितलं नाहीत, पण त्यांना सांगा. पान उघडून दाखवा. “इथं कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत, रात्री पाऊस येतो ते वाचताना मी जागचा हललो नाही.” असं असेल तर असं. लिहिणाऱ्याला कौतुकापेक्षा पत्ता जास्त हवा असतो. नेमकं कुठं लागलं हे कळलं की पुढच्या पुस्तकात तो तिथून लिहायला बसतो.

मग मजुरीचं. ही बारीकसारीक चूक आहे असं समजून तुम्ही ती पत्रात ‘शिवाय’ म्हणून शेवटी टाकलीय. मला ती तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ वाटते. तुम्हाला माहीतच आहे, बाकी वाचकांसाठी सांगते: ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती कोयत्याला, आणि तोडणीचा हिशेबही कोयत्यालाच लागतो. बाई पहाटे उठून भाकरी थापते, दिवसभर ऊस तोडते, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपाशी नेते, आणि पैसा बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात जातो. कामावर नाही गेलं तर खाडा धरतात, दुखणं-खुपणं असो की काही असो. आता कादंबरीतल्या बाईला जर वेगळी मजुरी मिळत असेल, तर ती नवऱ्याला सोडून का जात नाही? कर्ज फिटेपर्यंत का थांबते? तिच्या हातात पैसा आहे असं एकदा दाखवलं की तिची कोंडी सैल होते आणि पुढचं रडणं वाचकाला पटत नाही. पुष्कळशी पानं चांगली नाहीत असं तुम्हाला वाटलं, त्यातली काही याचमुळं तशी झाली असतील. बघा पडताळून.

ही समीक्षाच आहे, भाऊ. प्राध्यापकांना कदाचित ती सापडली नसती, कारण त्यांच्या काउंटरवर दिवाळीच्या सुमाराला कारखान्यावर निघालेली आणि पाडव्याच्या आसपास परतलेली माणसं येत नाहीत. तुमच्याकडं येतात. उधारीच्या वहीत त्यांची नावं आहेत. कादंबरी शेती, पाणी, बाजार, सावकारी यांवरची असली की तुमच्यासारख्या वाचकाच्या शब्दाला जड वजन आहे. मात्र सांगताना उलटतपासणी करू नका. “सर, आमच्याकडं येणारे गडी असं सांगतात, तुम्ही कुठल्या टोळीचं पाहिलं?” असं विचारा. कदाचित त्यांनी वेगळं काही पाहिलेलं असेल, आणि तसं असेल तर तुम्हालाच नवी माहिती मिळेल.

न आवडलेल्या पानांची यादी वाचून दाखवायची गरज नाही. त्यांनी विचारलं तर एखादी जागा सांगा, जिथं तुम्ही खरंच थांबलात ती. “इथून तिथपर्यंत भाषण झाल्यासारखं वाटलं” इतपत बोललेलं माणूस सहन करतो. ते रागावतील का? दोन दिवस रागावतील. कदाचित युरिया दुसऱ्या दुकानातून घेतील. पण ‘अप्रतिम’ म्हणणाऱ्यांना ते विसरतील आणि तुम्हाला विसरणार नाहीत, एवढं मी लेखकांच्या जातीवरून सांगू शकते.

एका गोष्टीला मात्र ठाम नाही म्हणा. पत्राच्या ताज्या कलमात तुम्ही विचारलंय की सरांनी रविवारच्या बैठकीत त्यांच्या कादंबरीवर बोलायचा आग्रह धरला तर काय करू. लेखक समोर बसलेला असताना त्याच्या पुस्तकावर मोकळं बोलणं होत नाही. होतो तो सत्कार. शाल, श्रीफळ आणि दोन तासांची भाषणं. सरांनाच सुचवा की त्यांनी त्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या कादंबरीवर बोलावं, आणि त्यांच्या पुस्तकावर बाकीच्यांनी ते नसताना. पटलं तर माणूस मोठा म्हणायचा.

आता या महिनाअखेरीला जायचं की नाही? जायचं. पण ‘कोसला’चा बदला घ्यायला नको. प्राध्यापकांशी भांडण उकरू नका, कदाचित ते बोलून विसरूनही गेले असतील; शिकवणाऱ्या माणसाला वाक्य संपवायची सवय असते. ते पुन्हा “कळली नाही” म्हणालेच तर शांतपणे विचारा, “मग तुम्हाला त्यात काय दिसलं, सर? कुठल्या पानावर?” ‘पानावर’ हा शब्द विसरू नका. खरंच वाचलेला माणूस खुश होऊन पान काढतो आणि तिथून गप्पा रंगतात. न वाचलेला विषय बदलतो.

सोबत पुस्तक न्या. तोंडी सांगण्यापेक्षा अर्धं पान मोठ्यानं वाचून दाखवलं की निम्मं काम होतं. ‘पाचोळा’मधलं कुठलंही अर्धं पान चालेल, आणि ते वाचताना तुमचा उच्चार त्या सगळ्यांत सरस असणार. वाचून झालं की एवढंच सांगा: कधी वाचली, किती दिवस पुरली, कुठं थांबलात, कुठं पळवलीत, आणि त्या खोलीतल्या कुणी वाचावी असं वाटतं. डॉक्टरीणबाईंना वेळ कमी असेल तर त्यांना ‘रणांगण’ सुचवा. १९३९ची, विश्राम बेडेकरांची. बारीकशी कादंबरी. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर चक्रधर आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू मुलगी हॅर्टा. दोन रात्रपाळ्यांत वाचून होईल. नंतर त्या गप्प गप्प दिसल्या तर समजा, लागू पडली.

आणि तुम्ही बोलून बसलात की डॉक्टरीणबाईंना किंवा बँकेतल्या त्या गृहस्थांना विचारा, “तुम्ही काय अर्धवट सोडलं या महिन्यात?” तुमच्या पत्रात हे दोघं नुसते बसलेले दिसतात, बोलताना एकदाही दिसले नाहीत. मला तर शंका आहे की त्या दिवशी हसणाऱ्यांतले निम्मे, पुढची पाळी आपली येईल या धास्तीनंच हसले.

राहता राहिली ती ऊसतोडीची कादंबरी. तिच्यातला मुकादम कसा उतरलाय ते तुम्ही लिहिलं नाहीत. नुसता मिशा पिळणारा खलनायक आहे, की त्याच्याही डोक्यावर कारखान्याची उचल आणि पळून गेलेल्या टोळीचं कर्ज आहे? हे कळवा. त्यावरून मी ती मागवायची की नाही ते ठरवीन.